सेक्रेटरीचं पत्र आणि कारूसोचा आवाज

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने सोसायटीच्या हॉलमध्ये आयोजित केलेल्या भाषणमालेतील एका भाषणाचा मजकूर)



नोटीस बोर्डावर आजचा विषय वाचून बऱ्याच जणांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "काका, तुम्ही आणि ऑपेरा?" त्यांचं आश्चर्य रास्त आहे. छत्तीस वर्षं मी बँकेत काढली. त्यातली निम्मी कर्जखात्यात गेली. 'ऑपेरा हाऊस' या शब्दाचा माझ्या तरुणपणी एकच अर्थ होता, गिरगावातला बसस्टॉप. त्या इमारतीत मी हिंदी सिनेमे पाहिले आहेत. ती खरोखरच ऑपेरासाठी बांधली होती, हे मला माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलं असतं तरी फरक पडला नसता. घरात आईमुळे नाट्यसंगीत होतं, रेडिओवर शास्त्रीय गाणं होतं, तेवढं मला पुरत होतं.

तर मी या वाटेला कसा लागलो, ते आधी सांगतो. त्यात माझी एक चूक आहे. रौप्यमहोत्सवी वर्षात सगळे जमाखर्च मांडले जातात, तेव्हा हाही मांडून टाकावा म्हणतो.

२००३ साली मी सोसायटीचा मानद सचिव होतो. जुन्या सभासदांना आठवत असेल, तेव्हा पाण्याचा टँकर, गळकी गच्ची आणि पार्किंगच्या रेघा या तीन विषयांवर आपल्या सभा चालत. त्याच वर्षी बी विंगमधल्या दोन-तीन सभासदांची लेखी तक्रार आली. चौथ्या मजल्यावरून रोज संध्याकाळी सहा ते आठ ओरडण्याचा आणि रडण्याचा आवाज येतो, मुलांचे अभ्यास होत नाहीत. चौथ्या मजल्यावर कोण राहत असे, ते इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. नाव घेत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. मूळचे गोव्याचे, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. सगळी सोसायटी त्यांना 'सर' म्हणायची.

योगायोगाने त्याच आठवड्यात सरांचा अर्जही आला होता. नाताळच्या गाण्यांच्या तालमीसाठी तीन संध्याकाळी हा हॉल मिळावा, भाडं भरायला तयार आहे. समितीत चर्चा झाली. 'धार्मिक स्वरूपाच्या कार्यक्रमाला हॉल देणं नियमात बसत नाही' असं ठरलं. ते वाक्य माझं होतं. आता यातली गंमत पाहा. त्याच हॉलमध्ये श्रावणात आपण सत्यनारायण घातला होता आणि प्रसादाचा शिरा मी दोनदा घेतला होता. पण त्या वेळी ते माझ्या मनातही आलं नाही. मी एकाच पत्रात दोन्ही कामं उरकली. पहिल्या परिच्छेदात आवाज कमी करा, दुसऱ्या परिच्छेदात हॉल नामंजूर. खाली सही, शिक्का. बँकेची सवय, पोच हवी म्हणून मी स्वतःच पत्र घेऊन गेलो.

सरांनी दार उघडलं. आत तबकडी फिरत होती. मी पत्र पुढे केलं. ते म्हणाले, "बसा, सेक्रेटरीसाहेब. पत्र मागीर वाचूया. हे दोन मिनिटांत संपतलें." मी बसलो. समोरच्या पेटीतून एक माणूस गात होता. जुनी, खरखरीची तबकडी. शेवटाकडे त्याचा आवाज चढत गेला आणि मग तो हसला. ते हसणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण ते रडणं होतं. खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार अगदी खरी होती.

गाणं संपल्यावर सरांनी मला गोष्ट सांगितली. लेओनकावालोचा 'पाल्याची' नावाचा ऑपेरा, १८९२ सालचा. गावोगाव खेळ करणारी एक नाटकमंडळी, आपल्याकडचा तमाशाचा फड म्हणा. मंडळीचा मालक कानिओ स्वतः विदूषकाचं काम करतो. खेळ सुरू व्हायच्या जरासं आधी त्याला कळतं की बायकोचं मन दुसऱ्यावर जडलं आहे. आणि आता तोंडाला रंग लावून, कपडे चढवून लोकांना हसवायचं आहे. ते गाणं तो रंग लावताना गातो. गाणारा होता एन्रिको कारूसो.

मला आईची आठवण झाली. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत तिने मला लहानपणी कितीदा तरी सांगितली होती. ती मी सरांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी माझं पत्र वाचलं, स्थळप्रतीवर फाउंटन पेनने 'मिळालें' असं लिहून सही केली आणि चहा विचारला. पत्राबद्दल एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवसापासून चौथ्या मजल्यावरचा आवाज बंद झाला. तक्रार निकाली. आणि मला संध्याकाळी सहा वाजता चुकचुकल्यासारखं व्हायला लागलं. आठ दिवसांनी मी पुन्हा त्यांचं दार वाजवलं. या वेळी हातात पत्र नव्हतं. तिथून पुढे जवळजवळ बारा वर्षं, आठवड्यातून एकदा तरी, माझी शिकवणी चालली. सचिवपद दोन वर्षांनी सुटलं, पण त्यांनी मला शेवटपर्यंत सेक्रेटरीसाहेबच म्हटलं.

आता शिकवणीत काय शिकलो, ते थोडक्यात.

पहिली गोष्ट, हे लोक मायक्रोफोनशिवाय गातात. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा, पलीकडे दोन-तीन हजार माणसं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या आजच्या सभागृहात तर ३८०० च्या आसपास खुर्च्या आहेत. शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही हळुवार सूर पोचला पाहिजे. हे नुसत्या जोराने होत नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात यावर बराच अभ्यास केला. तालीम झालेल्या गायकाच्या आवाजात, विशेषतः पुरुषांच्या, ३००० हर्ट्झच्या जवळपास एक झळाळी तयार होते. वाद्यवृंदाचा जोर त्या पट्ट्यात कमी पडतो आणि माणसाचा कान तिथे तीक्ष्ण असतो. म्हणून एकटा माणूस सत्तर वाद्यांच्या वर ऐकू येतो. हा ३००० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे मला त्याची गरज लागणार आहे.

दुसरी गोष्ट, आवाजाच्या जाती. बायकांमध्ये सर्वांत उंच सोप्रानो, मधला मेझो-सोप्रानो, सर्वांत खालचा काँट्राल्टो. पुरुषांमध्ये टेनर, बॅरिटोन आणि बास. साधारणपणे नायक टेनर, नायिका सोप्रानो, आणि बॅरिटोन बहुधा त्यांच्यात बिब्बा घालणारा. एवढं माहीत असलं तरी अर्धं कथानक कळतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जड गेली. आपला गवई राग घेऊन बसतो आणि वाट स्वतः काढतो. तिथे रचनाकाराने प्रत्येक सूर लिहून ठेवलेला असतो. मी सरांना विचारलं, "मग गायकाचं असं काय राहिलं?" ते म्हणाले, "एकच गाणं चार जणांचं ऐका." त्यांनी एकापाठोपाठ चार तबकड्या लावल्या. सूर तेच, शब्द तेच. पण एकाने श्वास जिथे घेतला तिथे दुसऱ्याने घेतला नव्हता. एक जण ज्या शब्दावर थांबला, तिथून दुसरा घाईने निघून गेला. चार माणसं निराळी झाली. धनादेशाचा मसुदा छापील असतो, तरी सही प्रत्येकाची वेगळी, ते मला बँकवाल्याला पटलं.

आता कारूसोकडे परत येतो, कारण त्याच्या गोष्टीत एक धागा थेट आपल्या देशात येतो. कारूसोचा जन्म नेपल्सचा, १८७३ सालचा, गरीब घरातला. एप्रिल १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग मिलानला आले होते. या तरुण गायकाचं गाणं ऐकून ते वेडे झाले. कारूसोने दहा गाण्यांचे शंभर पौंड मागितले. असं सांगतात की गायस्बर्गनी लंडनला तार केली आणि उलट तार आली, रक्कम फार आहे, ध्वनिमुद्रण करू नये. गायस्बर्गनी ती तार बाजूला ठेवली आणि हॉटेलच्या खोलीत एका दुपारी दहाही गाणी ध्वनिमुद्रित केली. मी आयुष्यभर मंजुरीच्या मर्यादेत काम केलेला माणूस. मर्यादेबाहेर कर्ज दिलं तर काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. पण हे कर्ज असं फळलं की ग्रामोफोन हे खेळणं आहे म्हणणारे मोठमोठे गायक स्वतः होऊन दारात आले.

आणि हेच गायस्बर्ग त्याच वर्षी बोटीने कलकत्त्याला आले आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यांनी गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपलं की गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते पुष्कळांनी ऐकलं असेल. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावं म्हणून. मिलानचा टेनर आणि कलकत्त्याची गायिका, दोघांनाही तीन-चार मिनिटांच्या तबकडीत मावायचं होतं. दोघंही मावले. एकाच माणसाने, एकाच वर्षात दोघांचे आवाज आपल्यासाठी ठेवून दिले.

कारूसो १९०३ पासून न्यूयॉर्कला गायला लागला आणि १९२० च्या अखेरीपर्यंत गात राहिला. डिसेंबर १९२० मध्ये ब्रुकलिनला प्रयोग चालू असताना त्याच्या घशातून रक्त यायला लागलं. विंगेतून एकामागून एक रुमाल पुढे केले जात होते, तो रक्त टिपत होता आणि गात होता. पहिल्या अंकानंतर प्रयोग थांबवावा लागला. त्यानंतरही नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत तो आणखी काही प्रयोग गायला. ऑगस्ट १९२१ मध्ये नेपल्सलाच गेला, वय ४८.

दुसरं नाव मारिया कॅलस. या बाईंवरून आमच्या घरात वाद होता. माझी पत्नी म्हणायची, "हिचा आवाज काही गोड नाही हो." ती चुकत नव्हती. कॅलसच्या आवाजाला धार आहे, काही ठिकाणी तो कापतोही. त्या काळच्या इटलीतही लोकांनी हेच म्हटलं होतं. आईवडील ग्रीक, जन्म न्यूयॉर्कचा १९२३ चा, शिक्षण अथेन्समध्ये. जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला ती वाग्नरच्या ऑपेरात ब्रुनहिल्डेचं काम करत होती. ते काम म्हणजे पोवाड्याचा दमसास. तेवढ्यात तिथल्याच दुसऱ्या ऑपेरातली, बेल्लिनीच्या 'इ पुरितानी'तली नायिका आजारी पडली. ते काम अगदी उलट जातीचं, बारीक हरकती-मुरक्यांचं. संगीत-दिग्दर्शक तुल्लिओ सेराफिन यांनी पंचवीस वर्षांच्या कॅलसला ते करायला सांगितलं. तिला ती भूमिका येत नव्हती. वाग्नरचे प्रयोग सांभाळत काही दिवसांत तिने ती बसवली आणि त्याच महिन्यात गायली. पोवाडा गाणाऱ्याने त्याच आठवड्यात नाजूक ठुमरी गावी आणि दोन्ही अव्वल असावीत, तसं.

तिची नजर फार अधू होती. रंगमंचावरून समोरचा वाद्यवृंदाचा दिग्दर्शकही धड दिसत नसे. त्यामुळे सगळं संगीत, स्वतःचं आणि इतरांचंही, पाठ. १९५३ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ध्वनिमुद्रित झालेला पुच्चीनीचा 'तोस्का' तिचा सर्वांत गाजलेला. तो ऐकताना गोड-कडू हा प्रश्न मनात येत नाही. समोर एक बाई संकटात आहे, एवढंच कळतं. माझ्या पत्नीने तो सबंध ऐकला आणि म्हणाली, "गोड नाही, पण खोटं काहीच नाही." वाद मिटला.

कॅलसचा आवाज फार लवकर ओसरला. १९६५ साली लंडनला 'तोस्का' गायली, तो तिचा शेवटचा ऑपेरा. वय फक्त ४१. पुढे १९७३-७४ मध्ये तिने मैफलींचा एक दौरा काढला, तो जपानमधल्या साप्पोरोला संपला. त्या दौऱ्याची ध्वनिमुद्रणं सर कधी लावत नसत. एकदा मी हट्टच धरला तेव्हा म्हणाले, "माणसाच्या दुखण्याला तिकीट काढून जाऊं नये."

तिसरी गायिका सांगताना मला थोडं थांबावं लागणार आहे. मारियन अँडरसन. जन्म फिलाडेल्फियाचा, १८९७ चा. कृष्णवर्णीय. तरुणपणी संगीतशाळेत प्रवेश घ्यायला गेली, तर खिडकीतल्या बाईने सांगितलं, आम्ही तुमच्या वर्णाच्या लोकांना घेत नाही. चर्चमधल्या लोकांनी पैसे गोळा करून तिला शिकवलं. युरोपात तिने नाव कमावलं. १९३५ साली साल्झबुर्गला तिचं गाणं ऐकून तोस्कानिनी म्हणाले होते की असा आवाज शंभर वर्षांत एकदाच ऐकायला मिळतो. तर १९३९ साली वॉशिंग्टनमध्ये तिची मैफल ठरत होती. शहरातला सर्वांत मोठा हॉल, कॉन्स्टिट्यूशन हॉल, ज्या संस्थेच्या मालकीचा होता, तिने तो दिला नाही. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. मग ९ एप्रिल १९३९ ला, ईस्टरच्या रविवारी, लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर मैफल झाली. थंडी होती, अँडरसन अंगावर कोट घालून उभी होती. समोर ७५,००० माणसं. रेडिओवरून देशभर आणखी किती तरी.

ही गोष्ट सरांनी मला २००४ च्या उन्हाळ्यात सांगितली. सगळी सांगितली. पुढे १९४३ साली त्याच संस्थेने तिला बोलावलं आणि युद्धकाळातल्या मदतनिधीसाठी ती त्याच हॉलमध्ये गायली, हेही सांगितलं. १९५५ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, मेट्रोपोलिटन ऑपेरात प्रमुख भूमिका करणारी ती पहिली कृष्णवर्णीय गायिका ठरली, तेही सांगितलं. १९५७ च्या आशिया दौऱ्यात ती भारतात येऊन गेली, तेही. मग तबकडी काढून नीट पुसली, पाकिटात ठेवली आणि म्हणाले, "चहा?"

हॉलबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मुद्दाम सांगितली की सहज, ते मला आजही कळलेलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद मला तोंडपाठ होता. वॉशिंग्टन कुठे, आपली सोसायटी कुठे, अशी मी स्वतःची समजूत काढून पाहिली. ती निघेना. हॉल हॉलच असतो आणि 'नियमात बसत नाही' हे वाक्य सगळ्या देशांत सारखंच ऐकू येतं.

ऑक्टोबरच्या सभेत मी ठराव मांडला, की हॉल सर्व सभासदांना सर्व सणांसाठी त्याच भाड्याने मिळावा. एकाने विचारलं, "मागच्या वर्षी विरोध कोणाचा होता?" मी म्हटलं, "माझा." सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. त्या डिसेंबरात अकरा जणांची गाणारी मंडळी इथे आली. तालीम ऐकायला बी विंगच्या बायका दारात उभ्या राहिल्या, मग आत येऊन बसल्या. तक्रार करणाऱ्यांपैकी दोघं त्यात होते. आज नाताळचा कार्यक्रम आपल्या वार्षिक पत्रकात छापलेला असतो. तो कसा सुरू झाला, ते नव्या सभासदांना माहीत असावं म्हणून सांगितलं. सरांची माफी मात्र मी कधी शब्दांत मागितली नाही. ती बाकी आहे. आज त्यांच्या मागे, पण सर्वांसमोर मागतो.

चौथी आणि माझी सर्वांत लाडकी, कॅथलीन फेरियर. इंग्लंडमधल्या लँकेशरची, १९१२ चा जन्म. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पियानो वाजवायची, गाणं आपलं हौसेपुरतं. नवरा बँक मॅनेजर, म्हणून माझा तिच्यावर विशेष लोभ! १९३७ साली कार्लाइलच्या संगीत स्पर्धेत ती पियानोसाठी जाणार होती. नवऱ्याने एका शिलिंगाची पैज लावली की गाण्याच्या स्पर्धेत नाव द्यायची तुझी हिंमत नाही. तिने दिलं आणि दोन्ही बक्षिसं जिंकली. एका शिलिंगावर एवढा परतावा माझ्या नोकरीत मी पाहिला नाही.

तिचा आवाज काँट्राल्टो, खालच्या पट्टीतला. ब्रूनो वॉल्टर यांच्यासारख्या दिग्दर्शकाने तिला जवळ केलं. ते म्हणत की आपल्या संगीतजीवनातल्या दोन सर्वांत मोठ्या गोष्टी म्हणजे फेरियर आणि मालर यांची ओळख, आणि तीही याच क्रमाने. फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ती ग्लूकच्या ऑपेरात ऑर्फियसची भूमिका करत होती. ऑर्फियस मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात जातो, आपल्या सावित्रीच्या उलट. फेरियरला कर्करोग होता. दुसऱ्या प्रयोगात रंगमंचावरच तिच्या पायाचं हाड मोडलं. ती आधार घेऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत गायली. प्रेक्षकांतल्या बहुतेकांना काही कळलंही नाही. पडदा पडल्यावर तिला थेट रुग्णालयात नेलं. त्यानंतर ती पुन्हा रंगमंचावर आली नाही. ऑक्टोबरमध्ये गेली, तेव्हा ती ४१ वर्षांची होती.

सर २०१५ साली गेले. त्यांच्या पत्नी मुलीकडे मडगावला राहायला गेल्या. जाताना मला बोलावून त्यांनी तबकड्यांचा खोका आणि प्लेअर दिला. म्हणाल्या, "ते म्हणून गेलेत, हें सेक्रेटरीसाहेबांचें."

आता तो ३००० चा आकडा. चार वर्षांपूर्वी मला कुकरची शिट्टी ऐकू येईना. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली, आलेख काढला. खालचे सूर ठीक, पण दोन हजाराच्या पुढे रेघ घसरगुंडीसारखी खाली. नेमकी ३००० ची जागा, जिथे कारूसोचा आवाज झळाळतो, तीच माझ्याकडून गेली. वयाने होतं म्हणाले. यंत्र बसवलं. बोलण्याला ते बरं, गाण्याला ते पत्र्यासारखं. कारूसो लावला तर सूर ऐकू येतात, पण चमक गेलेली, न घासलेल्या पितळी भांड्यासारखी. त्या दिवशी मी प्लेअर बंद केला आणि दोन महिने उघडला नाही. खोका या वयात नुसता सांभाळायचा, असं वाटायला लागलं.

नातीने तो उघडला. ती नववीत आहे, तिला ऑपेराशी देणंघेणं नव्हतं, तिला फिरणारी तबकडी बघायची होती. मी कारूसो लावला आणि तिला म्हटलं, "मला तो वरचा भाग ऐकू येत नाही. आवाज कुठे चमकतो, ते मला सांग." ती हात वर करून दाखवायला लागली. "आता, आजोबा. आता. आता नाही. आता!" तिचा हात पाहत मी गाणं ऐकलं. पूर्वी ऐकलेलं डोक्यात होतंच, तिच्या हाताने ते जागेवर बसवलं. आता आमचा हा शनिवारचा कार्यक्रम आहे. आणि फेरियर मला हात न पाहताही ऐकू येते. तिच्या खालच्या सुरांची ऊब माझ्या कानात अजून शिल्लक आहे. चाळिसाव्या वर्षी ती मला कदाचित तितकी भिडली नसती.

वेळ होत आला. ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी चार नावं सांगतो. फोनवर सगळं सापडतं. कारूसोचं १९०७ सालचं 'वेस्ती ला जुब्बा', तेच विदूषकाचं गाणं. कॅलसचं 'तोस्का'मधलं 'विसी दार्ते'. फेरियरचं 'ब्लो द विंड सदर्ली', साधं लोकगीत, साथीला एकही वाद्य नाही. आणि ज्यांना आनंदी गाणं हवं, त्यांनी ७ जुलै १९९० ची रोममधली मैफल पाहावी. बेकरीवाल्याचा मुलगा पावारोत्ती, सोबत दोमिंगो, आणि रक्ताच्या कर्करोगातून उठलेले कारेरास. वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभे आहेत आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. आधी गोष्ट वाचा, मग गाणं ऐका, आणि दुसरं काम करत ऐकू नका. भाजी निवडत ऐकण्याचं हे गाणं नाही. तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे.

सरांचा खोका मागच्या टेबलावर ठेवला आहे. कार्यकारिणीच्या संमतीने तो आजपासून सोसायटीच्या वाचनालयाचा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता याच हॉलमध्ये आपण त्यातली एक तबकडी ऐकू. मुलांनी जरूर यावं, कारण वरचे सूर कुठे आहेत, हे सांगायला आम्हा म्हाताऱ्यांना तुमचे कान लागतील.

आवाज थोडा मोठा होईल. कोणाची तक्रार असली, तर सेक्रेटरींच्या नावे जरूर पत्र लिहा. फक्त एक विनंती आहे, पत्र स्वतः घेऊन या, आणि आल्यावर दोन मिनिटं बसा.